पीयूडीच्या सामाईक वीज प्रकल्पात 'हिस्सा' घेतो म्हणजे नक्की काय घेतो आपण?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका पीयूडीत, म्हणजे पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्टमध्ये, फायनान्सला नुकताच लागलेला आपला एक मुलगा विचारतोय: "ताई, आमची पीयूडी आणखी दोन पीयूडी आणि एका खाजगी वीज कंपनीबरोबर सोलर अधिक बॅटरी असा प्रकल्प घेतेय, करारात 'अविभक्त मालकी हिस्सा' असा शब्द आहे, याचा अर्थ काय आणि उद्या एका भागीदाराने पैसे थकवले तर ते आमच्या गळ्यात पडणार का?"

ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. मी याच धंद्यात बावीस वर्षं आहे, आधी प्लांटवर इंजिनियर म्हणून आणि नंतर करारांच्या बाजूला, त्यामुळे दोन्हीकडची बाजू थोडी थोडी माहितीये. तुझ्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर म्हणजे कायद्याने पडणार नाही, पण करार ढिला असेल तर मागच्या दाराने पडू शकतं. आणि ते कसं ते कळायला आधी हिस्सा हा शब्द नीट फोडायला लागतो, कारण इथे तीन वेगळ्या गोष्टींना लोक सर्रास हिस्सा म्हणतात.

तू गावाकडचा असशील तर सातबारा डोळ्यासमोर आण. सामाईक गट आहे, चार भावांची नावं लागलीत, कुणाची आठ आणे, कुणाची चार आणे आणेवारी, पण पोटहिस्सा पडलेला नाही, म्हणजे हा बांध तुझा आणि तो माझा असं काही नाही, प्रत्येक ढेकळात प्रत्येकाचे आणे आहेत. अविभक्त मालकी म्हणजे हेच. ४ टक्के मालक असलास तर तुझ्या मालकीची वेगळी टर्बाइन नसते, प्रत्येक नटबोल्टात तुझे ४ टक्के. म्हणून अशा करारांत जवळपास हमखास एक कलम असतं की कुणीही मालक कोर्टात जाऊन वाटप मागणार नाही, तो हक्क सगळ्यांनी सोडला. ते कलम वकील लोक पटकन पुढे ढकलतात, तू थांबून वाच, कारण पॉवर प्लांटचं वाटप होत नसतं, लिलावच होतो.

आता कायदा. वॉशिंग्टनच्या कायद्यात टायटल ५४ हे सगळं पीयूडींचं, त्यातलं ५४.४४ हे प्रकरण खास या सामाईक मालकीसाठी आहे, १९६७ चं, अणु आणि औष्णिक प्रकल्प डोळ्यासमोर ठेवून केलेलं. गाभा दोन-तीन वाक्यांचाच आहे: जो जेवढे पैसे किंवा मालमत्ता देईल तेवढ्या टक्क्यांचा तो मालक आणि तेवढ्या टक्के विजेवर त्याचा हक्क आणि ताबा, आपल्या हिश्श्याचं कर्ज ज्याचं त्याने काढायचं आणि ज्याचं त्याने फेडायचं, प्रत्येकजण फक्त स्वतःच्या कृतीपुरता जबाबदार, आणि एका मालकाच्या कर्जाचा बोजा दुसऱ्याच्या हिश्श्यावर चढणार नाही. बघ, हे आपल्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यासारखंच आहे, धाकट्याने सोसायटीचं कर्ज काढलं तर बोजा धाकट्याच्या आण्यांवर, थोरल्याच्या नाही. हे इतकं कडक का, तर राज्यघटनेत, कलम ८ पोटकलम ७, असं आहे की कुठल्याही स्थानिक संस्थेने आपला पैसा किंवा पत खाजगी माणसाला किंवा कंपनीला उसनी द्यायची नाही. पीयूडी लोकांची आहे, कमिशनर मतदानाने निवडून येतात, १९३० मध्ये मतदारांनीच कौल देऊन हा कायदा केला कारण खाजगी कंपन्या शेतवस्तीवर तारा ओढायला तयार नव्हत्या, तेव्हा लोकांच्या पैशाने कंपनीची जामीनकी होऊ नये ही भिंत आहे. (आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती, त्याच्या जवळ जाणारं प्रकरण आहे हे, फक्त इथे भागभांडवल नाही, जिल्हा परिषदेसारखं निवडून येतात.)

पण ५४.४४ चं हे संरक्षण फक्त खऱ्या मालकीला आहे, आणि इथेच लोक गडबडतात. दुसऱ्या प्रकारात पीयूडी मालक नसतेच. अनेक पीयूडी मिळून एक जॉइंट ऑपरेटिंग एजन्सी काढतात, ती मालक, ती कर्ज काढते, आणि सभासद तिच्याकडून टक्क्यांनी वीज घ्यायचा करार करतात. एनर्जी नॉर्थवेस्ट ही तशी एजन्सी, पॅकवुड लेकचा छोटा जलविद्युत प्रकल्प, केनेविकजवळची नाइन कॅनियनची पवनचक्क्यांची रांग ही तिची कामं. तिसरा प्रकार त्याहून साधा, एका पीयूडीचं धरण आणि बाकीचे दीर्घ मुदतीचे गिऱ्हाईक, कोलंबिया नदीवर शेलान पीयूडीचं रॉकी रीच, ग्रँट पीयूडीची प्रीस्ट रॅपिड्स आणि वानापम, डग्लस पीयूडीचं वेल्स, सगळीकडे बाहेरच्यांनी असे वाटे घेतलेले आहेत. आपल्या सरदार सरोवरात महाराष्ट्राला २७ टक्के वीज, मध्य प्रदेशला ५७ आणि गुजरातला १६ हे लवादाने ठरवलं, तोही विजेतला वाटा, धरण आणि वीजघर गुजरातच्या निगमाचं. तिन्ही ठिकाणी बोलताना लोक "आमचा इतका टक्का हिस्सा" असंच म्हणतात, पण कागद फिरवला की तिन्हींचा धोका वेगळा.

यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑलिंपियावरून समुद्राकडे जाताना एल्मा गाव लागतं, तिथून डावीकडे डोंगरावर दोन प्रचंड कूलिंग टॉवर दिसतात, दीडशे मीटरच्या आसपास उंच. सॅटसॉपचा अर्धवट राहिलेला अणुप्रकल्प. बाबा आले होते सांगलीहून तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेले होते, ते पाटबंधारे खात्यात होते त्यामुळे काँक्रीट बघितलं की त्यांचा हात आपोआप त्यावर जातो. खाली तिरपे पाय आहेत टॉवरचे, त्यांच्या फटीतून वर बघितलं की आभाळाचं गोल बिळासारखं दिसतं, पाऊस रिपरिपत होता, सगळीकडे शेवाळ. बाबा म्हणाले किती वीज निघाली यातून? म्हटलं एक युनिटसुद्धा नाही. मग त्यांचा पुढचा प्रश्न अगदी बरोबर आला, मग पैसे कुणी भरले?

आणि त्याचं उत्तर दोन टॉवरसाठी दोन वेगवेगळं आहे. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी, एकाच मिक्सरचं काँक्रीट म्हण हवं तर, फक्त कागद वेगळा. बांधणारी एजन्सी एकच, डब्ल्यूपीपीएसएस म्हणजे वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम, १९५७ साली पीयूडींनीच काढलेली, हिचंच १९९८ मध्ये नाव बदलून एनर्जी नॉर्थवेस्ट झालं. पाच अणुप्रकल्प घेतले होते. त्यातला ३ नंबरचा सॅटसॉपला, ७० टक्के एजन्सीचा आणि ३० टक्के चार खाजगी कंपन्यांचा, म्हणजे अगदी अविभक्त मालकी. ५ नंबरचा त्याला लागूनच, ९० टक्के एजन्सीचा आणि १० टक्के एका कंपनीचा. ३ नंबरात एजन्सीच्या हिश्श्यामागे बॉनेव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही वीज विकणारी केंद्राची संस्था उभी होती, सभासदांनी दिलेले पैसे त्यांच्या बॉनेव्हिलच्या बिलातून वजा व्हायचे, त्यामुळे खर्च अख्ख्या वायव्य भागाच्या वीजदरात मुरला, आणि प्लांट कधी चालला नाही तरी ते कर्ज लोकांनी वर्षानुवर्षं फेडलं. ४ आणि ५ नंबरामागे ते नव्हतं. १९७६ मध्ये बॉनेव्हिलने सांगितलं की पुढे वाढत्या मागणीला आम्ही पुरे पडू अशी खात्री देत नाही, लोक घाबरले, आणि ८८ छोट्यामोठ्या वीज संस्थांनी ४-५ च्या करारावर सह्या केल्या. त्या करारात होतं की प्रकल्प पुरा होवो न होवो, वीज येवो न येवो, आम्ही आमच्या टक्क्याचं कर्ज भरू, आणि कुणी सभासद बुडाला तर बाकीच्यांचा हिस्सा २५ टक्क्यांपर्यंत वाढेल.

खर्च फुगत गेला, जानेवारी १९८२ मध्ये ४ आणि ५ बंद केले, आणि बाँडचे सव्वादोन अब्ज डॉलर अंगावर. जून १९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की या राज्यातल्या पीयूडींना आणि शहरांना असा करार करायचा अधिकारच नव्हता. कायदा म्हणतो वीज विकत घ्या, ठीक, पण वीज न मिळताही पैसे भरायचे म्हणजे ती खरेदी नाही, ती कर्जाची हमी झाली. कायदा म्हणतो प्रकल्पाचे मालक व्हा, ठीक, पण हे मालकसुद्धा नव्हते, कारण त्यांच्या समितीच्या हातात कारभाराचा म्हणावा तसा ताबा नव्हता. म्हणजे खरेदीतही बसत नाही आणि मालकीतही नाही. करार रद्द, डब्ल्यूपीपीएसएसने हात वर केले, त्या काळापर्यंतची अमेरिकेतली स्थानिक संस्थांच्या बाँडची सगळ्यात मोठी थकबाकी. शेजारच्या ऑरेगनच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये तिथल्या संस्थांबाबत उलटा निकाल दिला, अधिकार होता म्हणून, पण तोवर गाडी पुढे निघून गेली होती. बाँड घेतलेले हे बरेचसे सामान्य लोक होते रे, निवृत्तीचे पैसे घातलेले, त्यांना खटल्यांमधून ७५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मिळाली, म्हणजे रुपयातले काही आणेच हाती आले.

म्हणून मी टक्का शेवटी बघते आणि ताबा आधी. बजेट कोण मंजूर करतं, मोठ्या खर्चाला किती मतं लागतात, ऑपरेटरला काढता येतं का, हिशेब तपासता येतो का, प्रकल्प थांबवायचा अधिकार कुणाला. ही कलमं फक्त चांगला कारभार म्हणून नाहीत, तुझी पीयूडी कायद्याच्या नजरेत मालक आहे की नुसती जामीनदार हे त्यावरनं ठरतं.

आता रोजचा व्यवहार कसा चालतो ते सेंट्रेलियावरून सांगते. ल्युइस काउंटीतला कोळशाचा प्लांट, दोन युनिट, मिळून १३४० मेगावॅट, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला, आठ मालक. पॅसिफिकॉर्प या खाजगी कंपनीकडे निम्म्याला थोडा कमी, सिएटल, टकोमा आणि स्नोहोमिश पीयूडी प्रत्येकी ८ टक्के, ग्रेज हार्बर पीयूडी ४ टक्के. ४ टक्के म्हणजे साधारण ५४ मेगावॅट, ग्रेज हार्बरसारख्या पीयूडीने एकटीने ५४ मेगावॅटचा कोळसा प्लांट बांधला असता तर परवडलाच नसता, मोठ्या युनिटचा फायदा छोट्याला मिळतो तो हा असा. पण मग वसंतात बर्फ वितळून कोलंबिया नदी फुगते, सगळी धरणं जोरात, बाजारात वीज मातीमोल, तेव्हा ज्याच्याकडे धरणाची वीज आहे तो म्हणतो माझा कोळसा बंद ठेवा, आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणतो चालू ठेवा. बॉयलर काही एकाच्या हिश्श्यापुरता पेटत नाही. म्हणून अशा करारात प्रत्येक मालकाने आदल्या दिवशी किती वीज हवी ते कळवायचं, युनिट चालू असेल तर किमान लोडातला आपला टक्का घ्यावाच लागणार, त्याच्या वरचं ऐच्छिक. आणि खर्च दोन वाटांनी, पगार, विमा, देखभाल असा ठराविक खर्च मालकीच्या टक्क्याने, इंधन प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटप्रमाणे. हे दोन मिसळले की भांडण सुरू, आणि मिसळतात कुठे तर "बदलती देखभाल" सारख्या खर्चात, जो निम्मा तासांवर अवलंबून आणि निम्मा नाही.

नव्वदच्या दशकात तिथे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारा स्क्रबर बसवायचा विषय आला, माउंट रेनियर नॅशनल पार्कमध्ये धुरकं दिसायचं म्हणून, आणि खर्च कोट्यवधी डॉलरचा. आठ मालक, आठ ताळेबंद, कुणाला अजून तीस वर्षं चालवायचा, कुणाला बाहेर पडायचं. शेवटी २००० मध्ये सगळ्यांनी मिळून तो कॅनडाच्या ट्रान्सअल्टाला विकला. माझ्या मते वाईट झालं नाही, पण त्यातून शिकायचं ते हे की बाहेर पडायचा रस्ता आत जातानाच आखायचा. मोंटानातल्या कोलस्ट्रिप या कोळसा प्लांटचं अजून ताजं, तिथे सहा कंपन्या मालक होत्या, आणि युनिट बंद करायला बहुमत पुरे की एकमत लागतं यावरून लवाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, कारण १९८१ च्या करारात ते स्वच्छ लिहिलंच नव्हतं. सही करताना कुणाला वाटत नाही की कधीतरी हे बंद करायचंय.

पैसे थकवण्याचं. कायदा म्हणतो दुसऱ्याचं देणं तुझं नाही, बरोबर, पण या महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि ३० टक्केवाला पैसे देत नाहीये तर ट्रान्सफॉर्मर ७० टक्के येत नाही ना. माझ्याच एका प्रकल्पात असं झालं होतं, नाव सांगत नाही. एक मोठा ट्रान्सफॉर्मर तेलाच्या तपासणीत सलग तीन महिने खराब आकडे दाखवत होता, आम्ही स्पेअर आधीच मागवू म्हणत होतो कारण नवा यायला वर्षाच्या वर लागतं, एक भागीदार म्हणे ही भांडवली वाढ आहे, एकमत हवं, आमचं नाही. करारात भांडवली खर्चाला मर्यादा होती पण आणीबाणीच्या दुरुस्तीची व्याख्या नीट होती, "वाजवी ऑपरेटर ज्याची वाट बघणार नाही असं काम", त्या एका ओळीवर ऑपरेटरने ऑर्डर सोडली. ती ओळ नसती तर सगळा उन्हाळा बंद प्लांटसमोर बसलो असतो. त्यानंतर मी प्रत्येक मसुद्यात आधी तीच ओळ शोधते.

थकबाकीसाठी चांगल्या करारात काय असतं तर थकवणाऱ्याची वीज ठराविक दिवसांनी तोडायची, बाकीच्या मालकांनी 'वाटल्यास' त्याच्या वाट्याचे पैसे भरायचे आणि भरले तर तेवढ्या काळापुरती त्याची वीज त्यांनी घ्यायची. यात 'वाटल्यास' हा शब्द पीयूडीसाठी जीव की प्राण आहे. तिथे 'भरावेच लागतील' असं आलं आणि थकवणारा खाजगी कंपनीवाला असला, तर तू घटनेतल्या त्या पत उसनी देण्याच्या मनाईत अडकलास. आणि पैशाच्या बदल्यात वीज हातात आली पाहिजे, मग ती खरेदी होते, उसनवारी नाही. तुझ्या मसुद्यात 'स्टेप-अप', म्हणजे एक बुडाला की बाकीच्यांचा हिस्सा वाढणार, असा शब्द दिसला तर तिथे लाल खूण कर आणि तुमच्या बाँड वकिलाला फोन लाव, त्याच दिवशी.

तू फायनान्सचा म्हणून अजून एक. एजन्सीकडून टक्क्याने वीज घेतलीस तर ते पैसे तुमच्या हिशेबात सहसा चालू खर्च म्हणून धरले जातात, म्हणजे तुमच्या स्वतःच्या बाँडधारकांच्या आधी ते निघतात. स्वतः मालक झालात तर ते तुमचं कर्ज, ताळेबंदावर दिसतं, आणि बाकीच्या बाँडच्या रांगेत बसतं. वरवर पहिलं हलकं वाटतं, कमिशनरांना पण आवडतं कारण कर्ज वाढलेलं दिसत नाही, पण रेटिंगवाले लोक दोन्ही एकच धरून बघतात हल्ली. आणि खाजगी कंपनी भागीदार असेल तर करमुक्त बाँडचे पैसे फक्त तुमच्या टक्क्यातच गेले याचा कागद पहिल्या दिवसापासून वेगळा ठेव, सामाईक बँक खात्यात एकदा मिसळले की नंतर सोडवताना घाम फुटतो.

आता बॅटरी, कारण ती खरी तुझी अडचण आहे आणि जुन्या करारांचे नमुने इथे पुरे पडत नाहीत. सोलरचं सोपं, ऊन पडलं तेवढं टक्क्याने वाटलं. बॅटरीत मात्र दुपारी एकाला भरायचीय आणि दुसऱ्याला तेव्हाच रिकामी करायचीय. एक पद्धत म्हणजे प्रत्येकाची कागदावरची टाकी वेगळी धरायची, एकत्र आदेश मशीनला जातो तो सगळ्यांची बेरीज वजाबाकी होऊन, आणि खात्यात ज्याचं त्याचं. चालतं हे, पण झीज टक्क्याने वाटू नका. जो रोज दोनदा भरून रिकामी करतो त्याने सेल जास्त झिजवले, आणि वॉरंटीत वर्षाला किती फेऱ्या चालतील त्याची मर्यादा असते, ती सगळ्यांची मिळून एकच. म्हणून झीज वापरलेल्या युनिटवर, आणि वार्षिक फेऱ्यांचा कोटा मालकीच्या टक्क्याने आधीच वाटून ठेवलेला, उरलेला कोटा एकमेकांना विकता येईल असा. बॅटरी भरताना आणि रिकामी करताना जी वीज वाया जाते ती कुणाच्या खात्यात, हे लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, आणि ती चांगलीच जाते.

मसुदा हातात आला की पहिलं पान सोड, व्याख्या आणि परिशिष्टं उघड. टक्क्यांचा तक्ता, मतदानाचा तक्ता आणि मीटर कुठे बसलाय ते दाखवणारा सिंगल लाइन नकाशा, म्हणजे वीज जोडणीचा साधा रेषांचा आराखडा, हे तीन शेजारी ठेव. आमच्या एका करारात मीटर ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे होता आणि वीज वाटणी पलीकडच्या आकड्यावर लिहिली होती, मधली तूट चार वर्षं सगळी एकाच पीयूडीच्या खात्यात जात होती आणि कुणाला पत्ता नव्हता. एका तंत्रज्ञ मुलीने बिलं जुळवताना ते पकडलं.

त्या तीन कागदांत काही अडलं तर विचार, आकडे काढून टाकून कलम तेवढं टाक, मी वाचून सांगते.